शक्ती अंगातच असेल तर तलवार कशाला?

मी सध्या जी फँटसी दुनिया लिहून राहिलो आहे तिच्यात माणसं कमी आणि बाकीचे जीव जास्त आहेत. नागकुळं आहेत, नरसिंहांच्या टोळ्या आहेत, आग ओकणारे हत्तीएवढे सरडे आहेत, कड्यांवर राहणारे पंखवाले आहेत. ही दुनिया ज्याला सांगावी तो लगेच हेच विचारतो, की अरे ज्याच्या दातात विष आहे त्याला भाला काहून पाहिजे? ज्याच्या तोंडातून आग निघते तो चिलखत घालून काय करेल? प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि मला तर वाटतं अशा दुनिया रचण्यातला सगळ्यात रसाळ प्रश्न हाच आहे, पण बहुतेक लोक त्याला बगल देतात. एकतर त्या जीवाला तसाच ठेवतात, पॉवर आहे ना मग झालं, नाहीतर माणसाचंच चिलखत मोठ्या मापाचं करून, शेपटीला जागा ठेवून, त्याच्या अंगावर चढवतात. दोन्हीकडे त्या जीवाच्या अंगाचा, त्याच्या भुकेचा, त्याच्या भीतीचा विचार झालेलाच नसतो.

माझं म्हणणं असं आहे की शक्ती जिथे संपते तिथून शस्त्र सुरू होतं. त्या शक्तीची किंमत काय, ती किती लांब पोचते, एकदा वापरली की परत भरायला किती वेळ लागतो, वापरताना स्वतःच्याच अंगाला काय होतं, आणि स्वतःच्या जातभाईसमोर ती चालते का, एवढं ठरलं की हत्यार काय असेल ते फारसं शोधावं लागत नाही. आणि ते हत्यार बघून वाचणाऱ्याला त्या जीवाची कमजोरी कळते, त्यासाठी वेगळा पॅराग्राफ लिहावा लागत नाही.

नरसिंहापासून सुरू करतो कारण तो आमच्याकडचाच. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली, नरसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बरेच लोक रामाच्या देवळाची घाई असते म्हणून तिथे थांबत नाहीत, पण थांबा एकदा. मूर्ती मोठी आहे, निवांत बसलेली आहे, दोनच हात आहेत आणि हातात चक्र आहे. पोट फाडण्याचा प्रसंग नाही, हिरण्यकश्यपू नाही. आता नरसिंहाची गोष्टच सगळी नखांची आहे ना. त्या राक्षसानं वर मागून घेतला होता की शस्त्रानं मरणार नाही, अस्त्रानं मरणार नाही, म्हणून तर नखं वापरावी लागली. म्हणजे त्या गोष्टीतल्या कायद्यानं नख हे शस्त्रच नाही. तरी पण तो बसतो तेव्हा हातात चक्र घेऊन बसतो.

याच्यावर मी खूप विचार केला आणि त्यातून मला जे मिळालं ते माझ्या अख्ख्या दुनियेचा पाया आहे. ज्याची ताकद अंगातच आहे त्याला ती खाली ठेवता येत नाही. माणूस दरबारात शिरताना तलवार दाराशी काढून ठेवतो आणि सगळ्यांना कळतं की हा बोलायला आलाय. नरसिंह नखं कुठे काढून ठेवेल? वाघाची नखं आत ओढलेली असतात, चालताना घासून बोथट होऊ नयेत म्हणून, त्यामुळे ती समोरच्याला दिसतही नाहीत, आणि न दिसणाऱ्या हत्याराची भीती जास्त असते. म्हणून माझ्या दुनियेत नरसिंह सरदार कमरेला एक मोठं खड्ग लावतो जे तो लढाईत कधीच वापरत नाही. ते खड्ग तो दाराशी ठेवतो. ते ठेवण्यासाठीच आहे. शिवाय तहाच्या बैठकीत पंजांवर जाड म्हशीच्या चामड्याच्या पिशव्या चढवून, मनगटाशी दोरीनं बांधून, गाठीवर दोन्ही बाजूंची लाख लावून मोहोर मारतात. हेही चिलखतच आहे, फक्त समोरच्याच्या बचावासाठी याच्या अंगावर घातलेलं. हे सुचल्यावर मला त्या जमातीचं राजकारण, त्यांचे मान-अपमान, सगळं लिहायला मिळालं, कारण मोहोर तुटलेली सापडली की युद्ध.

आणि याच्या उलट बाजूला माणूस. २०२५ मध्ये लंडनहून लोनवर आलेली वाघनखं आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, बघायला ठेवली होती, ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल की वस्तू किती लहान आहे. ज्याला नखं नाहीत त्यानं नखं बनवली, आणि बनवताना वाघाचा तोच गुण उचलला की मुठीत लपली पाहिजेत. आपल्याकडे काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून मध्ये छोटी ढाल बसवलेलं माडू नावाचं हत्यारही असायचं. तर माणूस बाकीच्यांच्या अंगातली हत्यारं उचलतो, हा माझ्या दुनियेतल्या माणसांचा स्वभाव म्हणून मी पक्का केलाय, आणि बाकीच्या जमाती माणसाला याच कारणासाठी घाबरतात. त्याचं उदाहरण म्हणजे खवल्या मांजर. लीड्सच्या रॉयल आर्मरीज म्युझियममध्ये आपल्याकडच्या खवल्या मांजराच्या खवल्यांचा, वर सोन्याचं काम केलेला एक चिलखती अंगरखा आहे, १८२० मध्ये इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला भेट दिलेला. तो देणारा फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, म्हणजे १८१७ मध्ये इथे सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा जो कंपनीचा गव्हर्नर जनरल होता तोच. प्राण्याच्या बाबतीत आपण हे वाचतो आणि पुढे जातो. पण फँटसीत तो खवलेवाला बोलतो, त्याला आई आहे, गाव आहे, आणि समोरून माणूस त्याच्या आजोबाचे खवले घालून येतोय. हा सीन मी लिहिलाय आणि तो लिहिताना मला त्रास झाला.

खवलेवाल्यांचं अजून एक, मग पुढे जातो. अंगचं चिलखत आहे, गोळा झालं की पोटही झाकलं जातं, बिबट्यालाही सहसा उलगडता येत नाही. पण गोळा झाल्यावर दिसत काही नाही. मग त्यांना ढाल नको, त्यांना बाहेर उभा राहून सांगणारा पाहिजे. माझ्या खवलेवाल्यांच्या पलटणीत प्रत्येक दहा-बारा जणांमागे एक जण गोळा न होता उभा राहतो, त्याच्या एकट्याच्या अंगावर पोटापुढे लोखंडी पत्रा असतो आणि गळ्यात शिंग. शिंग वाजलं की उघडायचं. तोच त्यांच्यातला सगळ्यात मोठा मानाचा माणूस, म्हणजे मानाचा जीव.

आता महाभारत. अंगातली शक्ती आणि हातातलं हत्यार यांचा हिशोब आपल्या परंपरेत इतका पक्का मांडलेला आहे की मला बाहेर बघायची गरज कमी पडते. कर्ण कवच घेऊनच जन्मला. ते त्यानं इंद्राला कापून दिलं आणि बदल्यात 'शक्ती' नावाचं अस्त्र घेतलं, जे एकदाच वापरता येणार. कायमचं संरक्षण देऊन एकच वार घेतला. आणि तो वार अर्जुनासाठी जपून ठेवलेला असताना घटोत्कचावर खर्च करावा लागला. घटोत्कच बघा, राक्षसीपुत्र, माया येते, उडता येतं, रात्री राक्षसांचं बळ वाढतं म्हणून तो रात्रीच्या लढाईत आवरेना. तरी त्याला रथ आहे, आठ चाकांचा, अस्वलाच्या कातड्यानं मढवलेला. काहून? माझा अंदाज असा की माया लावायला डोकं लागतं, आणि डोकं दुसरीकडे असताना अंग कोणीतरी वाहून न्यायला पाहिजे. महाभारतात असं कारण दिलेलं नाही, हे माझं, पण मला ते खूप पटतं आणि मी तसंच्या तसं उचललंय, माझ्याकडे ज्याची शक्ती मनाची आहे तो कधीच पायी लढत नाही. शिवाय रात्री बळ वाढतं म्हणजे दिवसा कमी असतं. मग अशा जमातीकडे दिवसाचं चिलखत आणि रात्रीचं चिलखत वेगळं पाहिजे, दिवसाचं जाड आणि रात्रीचं जवळपास काहीच नाही, आणि शत्रूचा हेर फक्त त्यांचं सामान बघून सांगू शकेल की हे उजेडात चालून येणार की अंधारात.

रामायणातले वानर झाडं उपटून, दगड उचलून, नखांनी आणि दातांनी लढतात. समोर लंका, सोन्याची नगरी, तिथे धातूचं काम आहे, सगळी हत्यारं आहेत. बळ दोघांकडे. फरक भट्टीचा. ही गोष्ट लोक विसरतात, की हत्यार कोणाकडे काय असेल हे शक्तीइतकंच कोळसा कुठे आहे आणि लोखंड कुठे आहे यावर ठरतं.

नागांकडे येतो, कारण नागपूरच्या माणसानं नागांवर नाही लिहायचं तर कोणी, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यांच्यावरच गेलाय. माझे नाग कमरेच्या वर हातवाले आहेत, खाली साप. सगळे म्हणतात विष आहे ना, चावलं की संपलं. पण खरा नाग विषाच्या बाबतीत फार जपून वागतो. ते बनवायला अंगातली ताकद लागते आणि पिशवी रिकामी झाली की पूर्ण भरायला दिवस, कधी कधी आठवडे जातात, म्हणून बचावासाठी चावताना बरेचदा कोरडा चावा घेतो, विष सोडतच नाही. आता याला युद्धात उभा करा. पहिला शत्रू, दुसरा शत्रू, तिसऱ्याला दात लागतात पण आत काही जात नाही, आणि समोर अजून हजार लोक आहेत. भाला इथे येतो. आणि चावायला तोंड शत्रूच्या अंगाला टेकवावं लागतं, म्हणजे आपलं डोकं त्याच्या हत्याराच्या टप्प्यात न्यावं लागतं, हे विसरू नका. हात दीड हात लांबीवरून जो डोकं वाचवेल तो भाला घेईलच.

मग विष युद्धाआधी काढून ठेवायचं. हे खरंच होतं, चेन्नईजवळ इरुला लोकांची सहकारी सोसायटी १९७८ पासून साप पकडते, विष काढते, साप परत सोडते, आणि ते वाळवलेलं विष औषध कंपन्यांना जातं, त्यापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. वाळवलेलं विष नीट ठेवलं तर खूप दिवस टिकतं. तर माझ्या नागांच्या प्रत्येक गावात एक विषघर आहे, तिथे म्हातारे आणि जखमी नाग आपला वाटा देतात, हा त्यांचा कर आहे, आणि भाल्याच्या पात्यात खोल खाचा असतात ज्यात ते विष गुळासारख्या चिकट लेपात भरतात. तुम्हाला दिसून राहिलं का, एका खाचेतून अख्खी अर्थव्यवस्था उघडते. कोणाचा वाटा किती, कोण चोरतो, शत्रूच्या हाती विषघर लागलं तर काय, आणि ज्यांनी विष दिलं त्याच विषावरचा उतारा माणसं घोड्यांच्या रक्तातून बनवायला शिकली तर काय.

चिलखताचं तर अजून अवघड. साप पोटाच्या रुंद खवल्यांनी जमीन धरून पुढे सरकतो, त्यामुळे खालून झाकलं की चालणंच बंद. बाजूनं फासळ्या फुगतात, श्वास त्यावर. म्हणजे चिलखत फक्त पाठीवर, आणि तेही पट्ट्यापट्ट्यांचं, प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीवर चढलेली, डोक्याकडून शेपटीकडे. उलटं चढवलं तर पुढे जाताना प्रत्येक झुडूप त्यात अडकेल. आणि बरोबर चढवलं तरी मागे सरकताना अडकेलच, म्हणून माझ्या नागांची फौज माघार घेऊ शकत नाही, तिला वळूनच पळावं लागतं, आणि वळली की मोकळी बाजू शत्रूकडे. हा नियम मी कुठून आणला नाही, तो पट्ट्यांमधून आपोआप निघाला, आणि त्यावर माझी एक पूर्ण लढाई उभी आहे.

त्यात साप थंड रक्ताचा. आता आपल्या इथला मे महिना आठवा, पारा ४५ च्या वर, उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटवर बसता येत नाही. त्या उन्हात लोखंडी पत्रा पाठीवर घेतलेला नाग, ज्याला घाम येत नाही, ज्याच्या अंगाचं तापमान बाहेरच्यावर चालतं, तो शत्रू दिसायच्या आधी मरेल. आणि डिसेंबरच्या पहाटे तोच पत्रा त्याच्या अंगातली होती नव्हती ती ऊब शोषून घेईल, तो हलूच शकणार नाही. म्हणून लोखंड बाद. आपल्याकडे पूर्वी कापूस भरून शिवलेले, वरून पितळी खिळे ठोकलेले अंगरखे लढाईत घालायचे, तसं काहीतरी, नाहीतर शिंगाच्या चकत्या. विदर्भात कापसाला तोटा नाही. माझे नाग कापूस पिकवणाऱ्या माणसांच्या गावांना कधीच जाळत नाहीत, शत्रूची असली तरी.

पण नागांबद्दल मला मनापासून जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. दोन नर नाग भांडतात तेव्हा एकमेकांना चावून मारत नाहीत. अंगाला पिळे घालतात, वर उठतात, एकमेकांचं डोकं खाली दाबतात, जो दबला तो निघून जातो. धामणही तसंच करते, पावसाच्या सुरुवातीला शेतात दिसतं आणि लोक त्याला नर-मादीचा खेळ समजून हात जोडतात. रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, नर गुडघे टेकून माना एकमेकांवर दाबतात. अंगातल्या हत्याराबरोबर ते न वापरण्याची रीतही अंगात आलेली असते, लाखो वर्षांची. हातातल्या हत्याराबरोबर ती रीत येत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे कोंबडबाजारात कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे छोटं धारदार पातं, बांधतात, बंदी आहे तरी चालतं. कोंबड्याला पायामागे त्याचं स्वतःचं टोक असतंच, त्यानं तो झगडतो, एक हरतो, पळतो. काती बांधली की काही क्षणांत एकाचं पोट फाटलेलं असतं, आणि कोंबड्याला माहितीच नसतं की आपल्या लाथेत आज मरण आहे. मला याचा राग येतो, खरंच राग येतो, आणि तो राग मी दुनियेत आणलाय. नागकुळात द्वंद्व फक्त पिळ्यांचं, विष वर्ज्य, हजार वर्षं कोणी मोडलं नाही. मग एक तरुण नाग शेपटीच्या टोकाला पोलादी पातं बांधून द्वंद्वाला उतरतो. कायद्यात विष मना आहे, पात्याबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं कारण कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतरच्या दोन पिढ्या म्हणजे माझी कादंबरी.

आगवाल्या सरड्यांचं थोडं टेक्निकल आहे पण मजेचं आहे. पहिला बळी स्वतःचं तोंड. खऱ्या जगात बाँबार्डियर नावाचा भुंगेरा आहे, तो पोटातल्या दोन कप्प्यांतली रसायनं ऐनवेळी एकत्र करून जवळपास १०० अंशांचा फवारा मारतो, आणि ज्या कप्प्यात ही उकळी फुटते त्याच्या भिंती जाड आणि कडक असतात. म्हणजे शक्ती द्यायची तर आतलं चिलखत आधी द्या. मग बाहेरचं. लोक म्हणतात पोलाद आगीत वितळेल. पोलाद १४०० अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या खूप आधी घात होतो. पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून एकदम थंड करून आणलेला कडकपणा, २५०-३०० अंशांपासूनच उतरायला लागतं, धार मऊ पडते, ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. आणि त्याच्याही आधी चामड्याचे पट्टे जातात, ओलं चामडं ८० अंशांच्या आत-बाहेरच आकसायला लागतं. म्हणजे पहिल्या फुंकरीत चिलखत शाबूत आणि ते बांधणारे पट्टे आवळून सरड्याचा गळा धरतील, दुसऱ्या फुंकरीत तुटून सगळं खाली. तर याला चामडं नको, पोलाद नको. माझ्या सरड्यांच्या जबड्याभोवती भाजलेल्या मातीच्या जाड चकत्या आहेत, पितळी तारेनं ओवलेल्या. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला, ते डोक्यात होतं. चकती फुटते हे खरं, पण वीटभट्टी कुठेही लावता येते, म्हणून सरड्यांच्या फौजेमागे कुंभारांचे तांडे चालतात.

आणि आग ओकायच्या आधी श्वास घ्यावा लागतो. तेवढा वेळ सरडा उघडा आहे. माणसं त्याच क्षणाला टपलेली असतात, म्हणून त्याच्या गळ्याशी, जिथे श्वास घेताना खवले ताणून कातडी दिसते तिथे, तारेची झालर आहे.

जनावराच्या चिलखताचं खरं काम काय हे मला हत्तीवरून कळलं. लीड्सच्याच म्युझियममध्ये साधारण १६०० सालचं, मुघल काळातलं हत्तीचं चिलखत आहे, पाच हजारांहून जास्त पत्रे आणि काही भाग गहाळ असूनही ११८ किलो वजन. हत्तीच्या सुळ्यांना बसवायच्या तलवारीही असायच्या. एवढ्या ताकदवान प्राण्याला एवढा पत्रा कशाला? हत्ती बाणानं सहसा मरत नाही. पण दुखतं, मग पिसाळतो, मग वळतो आणि स्वतःचीच फौज तुडवतो. रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याचा भाऊ हॅसड्रुबल यानं माहुतांना छिन्नी आणि हातोडा देऊन ठेवला होता, हत्ती आवरेना झाला तर मानेत ठोकून मारायला. तर ते चिलखत त्याच्या जिवासाठी जेवढं, त्यापेक्षा त्याचं चित्त ठिकाणावर राहावं यासाठी. ज्याची शक्ती मोठी त्याची भीतीही मोठ्या नुकसानीची. माझ्या सरड्यांना डोळ्यांवर झापडं आहेत आणि कानात कापसाचे बोळे, आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या प्रत्येक माहुताच्या कमरेला छिन्नी आहे हे सरड्यांना माहिती आहे, कारण ते बोलतात. त्या दोघांचं नातं लिहिणं हे सगळ्यात कठीण काम आहे.

पंखवाल्यांबद्दल कमी बोलतो, तिथे वजन सगळं ठरवून टाकतं. माळढोक आपल्याकडच्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी, मोठा नर १५ किलोच्या आसपास, आणि एक साधं साखळीचं चिलखतच १० किलोच्या पुढे जातं. छातीवर पत्रा लावला की तोल पुढे जातो. पंखाला तर काहीच लावता येत नाही. म्हणून त्यांचं चिलखत म्हणजे उंची, आणि हत्यार म्हणजे खाली सोडायची वस्तू, पहिल्या महायुद्धात विमानातून पोलादी बाण नुसते खाली सोडायचे, तेच. विजेवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या अंगातच वीज आहे त्यांचं, उलटं. धातूच्या जाळीचा अंगरखा घातला की बाहेरची वीज जाळीवरून निघून जाते, चालू हाय व्होल्टेज लाइनवर काम करणारे असाच सूट घालतात, पण मग आतल्याची वीजही नीट बाहेर पडणार नाही. त्यानं एकच काय ते निवडावं, आणि माझ्याकडे ते जोडीनं लढतात, एक जाळीत, एक उघडा.

शेवटी राहतो लोहार, आणि मला वाटतं अशा दुनियांमध्ये त्याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं. नरसिंहाला पंज्यानं बक्कल लागत नाही. सरड्याला हातच नाहीत. नागाचा स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही. म्हणजे एवढे सगळे बलवान जीव हत्यारासाठी कोणावर तरी अवलंबून आहेत. साधी माणसाची तलवारही एका जागी बनत नव्हती, रघूजी भोसल्यांची जी तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आली तिचं पातं युरोपातलं आहे आणि मूठ आपल्याकडची. मग माझ्या दुनियेत माती एकाची, तार दुसऱ्याची, कापूस तिसऱ्याचा, आणि ते सगळं अंगावर बसवणारी माझी नायिका, एक लोहारीण. चिलखत बनवायला माप घ्यावं लागतं. माप घेणाऱ्याला कळतं की कोणाचा कुठला खवला पडलाय, कोणाची डावी बाजू जुन्या जखमेनं आखडलीय, कोणाचा श्वास किती वेळ चालतो. कोणत्याही सेनापतीला माहिती नाही एवढं तिला माहिती आहे, सगळ्या बाजूंचं. त्यासाठी मी कायदा केलाय की मापाची दोरी ज्याची त्याच्यासमोरच जाळायची. ती जाळते. पण तिला सगळी मापं पाठ आहेत आणि हे अजून फक्त त्या म्हाताऱ्या सरडिणीला कळलंय, जी तिच्याकडे गळ्याची झालर दुरुस्त करायला येते आणि दर वेळी विचारते, माझं माप सांग बरं.